जोखीम पोराची, हक्क संघाचा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू संघांत वाटून घेण्याच्या निवडीतली, गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चांगली बातमी अशी, की तिथे नाव देणाऱ्या पोरांची संख्या घटली. कॉलेज अर्धवट ठेवून किंवा परदेशातून मुदतीआधीच नाव देणारे २०२१ मध्ये ३५३ होते. २०२४ मध्ये १९५ उरले आणि २०२५ मध्ये फक्त १०६. कोविडमुळे सगळ्या खेळाडूंना कॉलेजचा एक हंगाम जादा मिळाला होता, त्याने २०२१चा आकडा फुगला होता, हे मान्य. तरी उतार खरा आहे, आणि मला त्याचा आनंद आहे.

कारण जागा मोजून साठ. तीस संघ, दोन फेऱ्या, खेळ खलास. २०२५ मध्ये तर न्यूयॉर्क निक्सची एक जागा दंडापोटी गेली, म्हणजे एकोणसाठच. त्यातही खरा करार मिळतो तो पहिल्या फेरीतल्या तीस जणांना: दोन वर्षांचे पैसे हमखास, पुढची दोन वर्षं संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही, वाटाघाटीत पदरात पडेल ते पडेल. बाकीच्यांनी दुय्यम लीग बघावी, नाहीतर परदेशाचं विमान.

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून फरक सांगतो. लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही, पण चार मालक त्याच्यासाठी भांडले तर भाव चढतो आणि त्याचे पैसे त्याला मिळतात. ड्राफ्टमध्ये ते भांडणच मिटवून टाकलं आहे. आधीच्या हंगामात जे संघ हरले त्यांचा नंबर आधी, पहिल्या फेरीतल्या पोराचा पगार त्याच्या क्रमांकावरून ठरलेला, आणि ज्या शहराने नाव पुकारलं तिथे मुकाट जायचं. एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या धंद्यातला सगळ्यात हुशार असेल, पण पहिली नोकरी कुणाकडे करायची हे त्याच्या हातात नाही. दुसऱ्या कुठल्या उद्योगात मालकांनी एकत्र बसून नवी माणसं अशी वाटून घेतली असती, तर कोर्टाने त्यांना उभं केलं असतं. इथे खेळाडूंच्या संघटनेशी करार केलेला आहे, म्हणून चालतं. गंमत बघा, संघटनेच्या मतदानात आजचे खेळाडू असतात. ज्याचं भवितव्य ठरतं तो होतकरू पोरगा अजून सभासदच नसतो.

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, पूर्वी दारच बंद होतं. हायस्कूल संपल्यावर चार वर्षं उलटल्याशिवाय एनबीएत पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. तो मोडला स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटीचा, दहा भावंडांतला, लहानपणी शेतात कापूस वेचलेला मुलगा. १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिलं, प्रतिस्पर्धी एबीए लीगमध्ये पहिल्याच वर्षी धुमाकूळ घातला, आणि मग सिअ‍ॅटलच्या संघाशी करार करून एनबीएत उतरला. लीगने अडवलं. तो कोर्टात गेला. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला, तोही सात विरुद्ध दोन.

पुढे लीगने काय केलं ते वाचून माझं डोकं फिरतं. दार उघडलं, पण उंबऱ्यावर कारकून बसवला. लवकर यायचं असेल तर घरची आर्थिक अडचण सिद्ध कर. आपल्याकडे शिष्यवृत्तीसाठी तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो, तसलाच प्रकार. बास्केटबॉल किती चांगला खेळतोस हे विचारायचं सोडून घर किती गरीब आहे हे विचारायचं. ही अट जायला १९७६ उजाडावं लागलं. आज कोट्यवधी डॉलर घेणारे जे तरुण खेळाडू टीव्हीवर दिसतात, त्यातल्या प्रत्येकाच्या कमाईत हेवूडचा वाटा आहे. त्यांच्यातल्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक असेल, याची मला काळजी वाटते.

मग हायस्कूलमधून थेट येणाऱ्या पोरांचा काळ आला. १९९५ ला केव्हिन गार्नेट, १९९६ ला कोबी ब्रायंट, २००३ ला लेब्रॉन जेम्स. या तिघांची नावं घेऊन कुणीही सांगेल की बघा, शक्य आहे. मला लेनी कुकचं नाव घ्यायचं आहे.

न्यूयॉर्कचा लेनी कुक एके काळी देशातल्या हायस्कूल खेळाडूंत वरच्या नंबरात गणला जायचा, लेब्रॉनच्याही वर. २००१ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एका शिबिरात दोघं समोरासमोर आले. शेवटच्या क्षणाला लेब्रॉनने लांबून चेंडू टाकला, तो जाळीत गेला, सामना गेला. पुढच्या वर्षी कुकने ड्राफ्टला नाव दिलं. दोन्ही फेऱ्या संपल्या, नाव आलं नाही. कॉलेजचा रस्ता तोवर बंद झाला होता. मग छोट्या लीग, फिलिपीन्स, चीन, मधेच एक भयंकर मोटार अपघात. त्याच्यावर २०१३ मध्ये माहितीपट निघाला, तो ज्याला ड्राफ्टचं आकर्षण आहे त्याने जरूर बघावा. त्याच्या आजूबाजूला एजंट होते, बूट कंपन्यांची माणसं होती, आज तुझं उद्या माझं म्हणणारे दोस्त होते. नाव पुकारलं न गेल्याची किंमत मात्र एकट्याने मोजली.

२००५ मध्ये लीगने उपाय काढला: ड्राफ्टच्या वर्षात वय एकोणीस पुरं होणारं हवं आणि हायस्कूलनंतर एक वर्ष गेलेलं हवं. सांगायला हे पोरांच्या हितासाठी होतं. पण नियम पोरांना सावरणारा नव्हता, मालकांना सावरणारा होता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर पैसे लावले आणि तो अपुरा निघाला तर चूक संघाची ठरायची. या नियमानंतर एक वर्ष कॉलेजने त्याला फुकटात तावून सुलाखून द्यायचा, सामने टीव्हीवर विकायचे, तिकिटं खपवायची, आणि मुलाला फक्त फी, जेवण आणि खोली. गुडघा त्या वर्षात गेला तर तो त्याचा. त्या वेळचा खेळाडू जर्मेन ओनील याने प्रश्न उघड विचारला होता, की बहुसंख्य काळ्या पोरांच्या खेळातच ही वयाची अट का आणता. टेनिसमध्ये, बेसबॉलमध्ये अठराव्या वर्षी कमावलेलं कुणाला खुपत नाही. समाधानकारक उत्तर त्याला मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही.

बायकांच्या ड्राफ्टमध्ये तर वाट अजून लांब: अमेरिकन मुलीला बाविशी गाठावी लागते किंवा पदवी पुरी करावी लागते. एवढं थांबून २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार ७६ हजार डॉलर. त्याच वर्षी पुरुषांतल्या पहिल्या क्रमांकाला, फ्रान्सच्या झाकारी रिसाशेला, सव्वा कोटी डॉलरच्या वर. दोन लीगच्या उत्पन्नात अंतर आहे हे कळतं. पण जिच्यासाठी स्टेडियमं तुडुंब भरली, सामने मोठ्या मैदानांवर हलवावे लागले, तिच्या पगारात त्या गर्दीचा मागमूस नसावा, ही लबाडी आहे.

आता संघांकडे वळू. हरणाऱ्याला आधी नंबर, हा नियम दुबळ्याला आधार देण्यासाठी केला. मालकांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की मुद्दाम हरलं तर फायदा. फिलाडेल्फियाने २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत ४७ सामने जिंकले आणि १९९ गमावले, आणि त्याला योजनेचं नाव दिलं. तिकीट काढून आलेल्या माणसाला सांगितलं, धीर धर. त्या संघाचं शेवटचं विजेतेपद १९८३ चं आहे, अजूनही.

मुद्दाम हरणाऱ्यांना चाप बसावा म्हणून लॉटरी. चौदा चेंडू यंत्रात फिरतात, चार बाहेर येतात, एक हजार एक जुळण्या होतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, १४ टक्के शक्यता आहे. तरी मोह सुटत नाही. २०२४-२५ मध्ये युटाला आपला चांगला खेळाडू बसवून ठेवल्याबद्दल एक लाख डॉलर दंड झाला. १७ विजय, ६५ पराभव, सगळ्यात तळाला. लॉटरीत हाती आला पाचवा क्रमांक. इथे मी चेंडूंच्या बाजूने आहे.

पण त्याच सोडतीत पहिला क्रमांक गेला डॅलसला, शक्यता १.८ टक्के. हा तोच संघ, ज्याने तीन महिन्यांपूर्वी मध्यरात्री पंचवीस वर्षांच्या लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं होतं. चाहते रस्त्यावर आले होते. अशा संघाला बक्षीस म्हणून कूपर फ्लॅग मिळाला: मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या छोट्याशा गावचा, ड्यूक विद्यापीठात एकच वर्ष खेळलेला, निवडीच्या रात्री अठरा वर्षांचा. फ्लॅगने काय चूक केली होती, की त्याने दुसऱ्यांच्या घोडचुकीवर पांघरूण व्हावं? पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे डॉन्चिचची भरपाई म्हणून बघितलं गेलं. त्याला विचारलं असतं तर कदाचित तो डॅलसच म्हणाला असता. विचारायची सोयच नाही, हा मुद्दा आहे.

त्याच वर्षी एस बेली या रटगर्स विद्यापीठाच्या मुलाने थोडी मान वर केली. काही संघांकडे चाचणीला गेलाच नाही, फिलाडेल्फियाची ठरलेली चाचणी रद्द केली. लगेच टीका सुरू: माज आहे, सल्लागार वाईट आहेत. नोकरी कुठे करायची याबद्दल मत असणं म्हणजे माज? शेवटी युटाने पाचव्या क्रमांकावर घेतला आणि तो गेला. सल्लागारांची रीत मलाही पटली नाही, पण त्या मुलाच्या जागी असतो तर मीही कुठेतरी नाही म्हणून बघितलं असतं.

डॉन्चिचचा विषय निघालाच आहे तर सॅक्रामेंटोचं सांगायला हवं, कारण तिथे आपला माणूस आहे. विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, वाढले, एमआयटीत शिकले, संगणक क्षेत्रात पैसा केला आणि २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतला. मराठी आडनावाचा माणूस एनबीए संघाचा प्रमुख मालक, याचा अभिमान मलाही वाटला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा संघ वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध खेळला, तेव्हा एनबीएचे सामने पहिल्यांदा भारतात झाले. पण २०१८ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जचा दुसरा नंबर होता. समोर डॉन्चिच होता, एकोणीस वर्षांचा, रेआल माद्रिदकडून युरोपचं विजेतेपद नुकतंच जिंकलेला, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. किंग्जने मार्व्हिन बॅग्लीला घेतलं. निर्णय तेव्हाचे व्यवस्थापक व्लादे दिवात्स यांचा, जे स्वतः सर्बियाचे, युरोपचा बास्केटबॉल कोळून प्यायलेले. बॅग्लीला संघाने २०२२ मध्ये दुसरीकडे देऊन टाकलं, दिवात्स त्याआधीच, २०२० मध्ये गेले. सॅक्रामेंटोच्या प्रेक्षकाला अजून ती रात्र आठवते. अभिमान आडनावाचा ठेवावा, पण हिशेब निर्णयाचा मागावा.

या धंद्यातले तज्ज्ञ चुकतात आणि सतत चुकतात, हे पोरांना कुणीतरी ओरडून सांगायला हवं. २०१३ मध्ये पहिला निवडला गेला अँथनी बेनेट, चार हंगामांत संपला. त्याच वर्षी पंधराव्या क्रमांकावर ग्रीसचा यानिस अँटेटोकुंपो. २०१४ मध्ये निकोला योकिच एकेचाळिसावा, त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर एका खाद्यपदार्थाच्या दुकानसाखळीची जाहिरात चालू होती. तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००७ मध्ये चाचणी शिबिरात केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नाही, त्यावरून किती शाई वाया गेली! उंची, हातांची लांबी, उडी, सगळं इंचात मोजतात. हरल्यावर मुलगा दुसऱ्या दिवशी सरावाला किती वाजता येतो, हे मोजायची पट्टी त्यांच्याकडे नाही.

संघ चुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा नंबर मिळतो. चूक मोठी असेल तर नंबर अजून वरचा. पोराला पुढचं वर्ष नसतं.

आपल्या सतनाम सिंगचंच बघा. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातलं बल्लोके गाव, सात फुटांवर उंची, लुधियानाच्या अकादमीत तयार झालेला. २०१० मध्ये चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला तेव्हा इंग्रजीही येत नव्हतं. २५ जून २०१५ ला डॅलसने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. त्या रात्री आपल्या वाहिन्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग? दुसरी फेरी, हमी शून्य. दोन हंगाम डॅलसच्या दुय्यम संघात, थोडी मिनिटं, आणि परत. एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही. अकादमीतून थेट ड्राफ्टला गेला होता, त्यामुळे दोन-तीन वर्षं कॉलेजात शांतपणे खेळून, चुका करून शिकण्याची जागाच त्याच्याकडे नव्हती. पुढे उत्तेजक चाचणीत अडकून दोन वर्षांची बंदी आली, ती चूक त्याची. आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात दिसतो. माझा राग त्याच्यावर नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर सव्वाशे कोटींचं स्वप्न लादून आपण टाळ्या वाजवल्या आणि दोन वर्षांत विसरलो, राग त्याचा आहे.

त्या मानाने आपल्याकडची वाट कंटाळवाणी, पण पाठीशी काहीतरी देणारी. आपला चांगला बास्केटबॉलपटू स्वप्न बघतो ते रेल्वे, ओएनजीसी, पोलीस, बँक यांचं. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही रेल्वेकडून खेळत. यात श्रीमंती नाही. पण खांदा निखळला तर सोमवारी जायला नोकरी असते, आणि ती किती मोठी गोष्ट आहे हे लेनी कुकला विचारावं.

अमेरिकेतल्या पोरांना ही पाठ आत्ता कुठे मिळायला लागली. २०२१ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने कॉलेज खेळांचा कारभार चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेला एकमताने फटकारलं, जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली, एका विद्यापीठाची मर्यादा वर्षाला एकूण दोन कोटी डॉलरच्या थोडी वर. परिणाम समोर आहे. चाळिसाव्या क्रमांकाच्या आशेवर कॉलेज सोडणारा मुलगा आता तिथेच थांबून जास्त कमावतो, वर पदवी पुरी करतो. एनबीएने हायस्कूलमधून येणाऱ्यांसाठी काढलेला इग्नाइट नावाचा संघ, जिथे आपला प्रिन्सपाल सिंगही होता, २०२४ मध्ये बंद पडला, त्याची गरजच उरली नाही. जुने प्रशिक्षक तक्रार करतात की पैशाने कॉलेजचा खेळ नासला. पैसा आधीही होता. तो प्रशिक्षकांच्या खिशात होता.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. कॉलेजच्या मुलाने ठरलेल्या तारखेपर्यंत नाव मागे घेतलं नाही, तर कॉलेजचा खेळ संपला, मग ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेवो न घेवो. ही तारीख ड्राफ्टच्या कितीतरी दिवस आधीची. म्हणजे निकाल कळायच्या आत परतीचं तिकीट फाडायचं. आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये याच एनसीएएने बेलर विद्यापीठाकडून खेळायला परवानगी दिली ती जेम्स न्नाजीला, बार्सिलोनाकडून व्यावसायिक खेळलेल्या नायजेरियन खेळाडूला, ज्याला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये एकतिसाव्या क्रमांकावर निवडलंही गेलं होतं. प्रशिक्षकांनी आरडाओरडा केला, न्नाजीला बाहेर काढा म्हणून. माझं म्हणणं उलट आहे. न्नाजीला खेळू द्या. पण निवडला गेलेला माणूस कॉलेजात चालतो, तर ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही त्या वीस वर्षांच्या मुलाला जुलैमध्ये आपल्या संघात परत घ्यायला एनसीएएला काय अडचण आहे, हे तिने लेखी सांगावं.